अल्लीची एक्केचाळीस पत्रं

बाळंतिणीने फोन बघितला की डोळे जातात, असं मला न्हाऊ घालणाऱ्या जानकीचेच्चीचं, म्हणजे जानकीताईचं, ठाम मत. वाचलं तरी जातात, रडलं तरी जातात, आणि मान खाली घालून बसलं तर मान जन्मभर धरते. म्हणून छप्पन दिवस मी फक्त वर बघायचं. माझ्या खोलीच्या माळ्याला सत्तावीस फळ्या आहेत आणि त्यातल्या नवव्या फळीला वाळवी लागलीय, हे मला या बाळंतपणात कळलं. अम्माला सांगितलं तर म्हणाली, "बघ, पडून राहिलं की घराकडे लक्ष जातं."

जानकीचेच्ची सकाळी सातला यायची. तेल, मग पाल्याच्या उकळत्या पाण्याचे तांबे पोटावर, लांबून, सपकन. मग अच्छनच्या, माझ्या वडिलांच्या, जुन्या धोतराचा पट्टा पोटाला असा आवळायची की श्वास वरच्या वर परत जायचा. मग बिछाना.

"पाय जुळव, मोळे," चेच्ची म्हणायची, मोळे म्हणजे पोरी. "फाकवून झोपलीस तर वारा शिरेल."

"कुठून शिरतो वारा, चेच्ची?"

"तुम्ही शिकलेल्या बायका. कुठून शिरतो ते तुम्हाला ठाऊक. कुठे बसतो ते मला ठाऊक."

माझा फोन कपाटाच्या डोक्यावर असायचा. दुपारी अम्मा जेवायला बसली की अर्धा तास मिळायचा, तोही सुधीशशी बोलायला. सुधीश माझा नवरा, कासरगोडला वीज मंडळात. एक रविवार सोडून एक येतो, मुलाला हातात घेऊन घाबरून उभा राहतो आणि सोमवारी पहाटे परत जातो.

चाळिसाव्या दिवशी, मंगळवारी, त्याचा फोन लागत नव्हता म्हणून मी साठलेले निरोप उघडले. सफीनाचे अकरा होते. सफीना तलश्शेरीची. आम्ही एकमेकींना कधी भेटलेलो नाही, पण तिच्या सासूला कोणत्या कुशीवर झोप लागते तेही मला माहीत आहे. शेवटच्या निरोपात एवढंच होतं: "जिवंत आहेस ना? शनिवारी पाचच्या आत निघ. सगळ्या निघाल्या."

कुठून निघायचं ते समजायला मला ओलप्पुरा उघडावं लागलं.

ओलप्पुरा म्हणजे झावळ्यांची खोप. आमच्या भाषेत, मल्याळममध्ये, लिहिणाऱ्यांची ती साइट. आखातातल्या नर्सा, शाळेतल्या बाई, माझ्यासारख्या घरात बसलेल्या, सगळ्या तिथे टोपणनावाने लिहितो. उघडल्याबरोबर पिवळ्या चौकटीत सूचना होती, महिनाभर जुनी. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचनंतर इथलं सगळं लेखन एका कंपनीला दिलं जाईल, तिच्या लिहिणाऱ्या यंत्राला भाषा शिकवण्यासाठी. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी त्याआधी खातं बंद करावं. खाजगी ठेवलेलं लेखनही यात धरलं जाईल. खातं बंद केल्यास लेखन कायमचं पुसलं जाईल. प्रत हवी असल्यास अर्ज करा, दहा दिवसांत मिळेल.

मंगळवार ते शनिवार चार दिवस होतात.

माझं तिथे बरंच काही होतं. स्वयंपाकघरातल्या फजित्या, बसमधली भांडणं, दोन कविता ज्या गेल्या तरी चालतील. आणि एक्केचाळीस पत्रं.

ती पत्रं अल्लीला होती. अल्ली माझी पहिली मुलगी. अडीच वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली म्हणून दवाखान्यात गेले आणि रिकामी घरी आले. मला गुंगीचं औषध दिलं होतं. जाग आली तोवर सगळं उरकलं होतं. परसाच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात माती उकरलेली दिसली, मग तिथे केळी लागल्या, आणि घरात त्या गोष्टीवर जे झाकण पडलं ते पडलंच. आमच्यात अठ्ठाविसाव्या दिवशी नाव ठेवतात. जी एक दिवसही जगली नाही तिचं नाव कोण ठेवणार? मी ठेवलं, पहिल्या पत्रात. अल्ली, म्हणजे कमळाची एक पाकळी.

सफीनाने ते पहिलं पत्र वाचून खाली लिहिलं होतं, "अल्लीला माझ्याकडून एक पापा." तिचं नाव दुसऱ्या कोणी घेतलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. नंतर चाळीसेक बायका दर पत्राची वाट बघायच्या. माझ्या मुलीला ओळखणारी माणसं जगात तेवढीच.

आता तिचं बोट धरून कोणीतरी तिला कारखान्यात नेणार होतं. यंत्र काय करतं ते सफीनाने लिहिलं होतं: सगळ्यांचं दळून एक पीठ करतं आणि मागेल त्याला त्याची भाकरी देतं. उद्या कोणी म्हणालं, न जन्मलेल्या बाळाला चार ओळी लिहून दे, की ते माझ्या अल्लीचे तळवे काढून देईल, दुसरंच नाव घालून. अल्लीचे तळवे मी बघितलेले नाहीत. म्हणून पत्रांतून मी ते दर वेळी वेगळे करायचे, कधी तांबूस, कधी भिजल्यासारखे सुरकुतलेले. एका बाईने आपल्या मुलीसाठी अंधारात चाचपून केलेली ती गोष्ट. ती वाटायची नसते.

पत्रं उतरवून घ्यायचा रस्ता नव्हता आणि तो आम्हीच बंद केलेला. दोन वर्षांपूर्वी लेखन चोरीला जायला लागलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी भांडून कुलूप मागितलं होतं. तेव्हापासून ओलप्पुरात अक्षरावर बोट दाबून धरलं तरी ते उचललं जात नाही, आणि पानाचा फोटो काढला तर काळा चौकोन येतो. दुसऱ्या फोनने काढता आला असता. पण अम्माचा फोन बटणांचा. जानकीचेच्चीचा चांगला आहे, मात्र तिच्या फोनात गेलेलं पट्टाम्बीच्या बाजारात पोचायला संध्याकाळ पुरते.

तरी मी ठरवलं, निदान निघू तरी. पत्रं गेली तर गेली. वावाला, म्हणजे माझ्या बाळाला, पाजून खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने "खातं बंद करा" दाबलं. पडद्यावर आलं: तुमच्या नोंदवलेल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.

स्वयंपाकघरात अम्माचा फोन किणकिणला.

मी डोळे मिटून घेतले. लग्नानंतर सुधीशने मला नवा नंबर घेऊन दिला, तेव्हा माझा जुना मी अम्माला देऊन टाकला होता. ओलप्पुरातलं खातं त्याच्याही आधीचं. सगळ्या नातेवाइकांना तोच पाठ, गॅसवाल्याकडे तोच. आमच्याकडे मुली सासरी जाताना सोनं घेऊन जातात आणि नंबर ठेवून जातात.

"अम्मा, तुझ्या फोनवर आत्ता एक आकडा आला असेल. सहा आकडी. सांग ना."

ती माझं औषधी चाटण घोटत दारात आली. "आला होता."

"मग सांग."

"पुसला."

"का?"

"वर्गात सांगितलंय. सांगायचा नाही, ठेवायचा नाही, आल्याबरोबर पुसायचा."

आमच्या वाडीतल्या बायकांच्या गटाची अम्मा सेक्रेटरी. मागच्या महिन्यात बँकेच्या साहेबांनी गटात वर्ग घेतला होता, फोनवरून कसं फसवतात याचा. बाकीच्या बायका चहा पिऊन विसरल्या. अम्माने इतिवृत्तात लिहून काढलं, आणि जे तिने इतिवृत्तात लिहिलं ते कायम झालं.

"अगं, पोटच्या मुलीला सांगायला काय होतं?"

"पोटच्या मुलीचा आवाज काढूनच फोन करतात, असं साहेब म्हणाले."

"मी फोन केलाय का? मी समोर पडलेय तुझ्या."

"समोर असलीस म्हणून नियम बदलतो का? आणि फोन कशाला हवा तुला? चेच्चीला सांगू?"

सुधीशला विचारलं. तो म्हणाला, "सोपं आहे, नंबर बदलून घे." बदलायलाही जुन्याच नंबरावर ओटीपी जातो हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग अवघड आहे. पण आहे काय त्यात एवढं?" मी म्हटलं, काही नाही, जुनं लिहिलेलं. सुधीशलाही माहीत नाही. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना त्याने रिक्षात माझा हात धरला होता, आणि तो हात धरणं हेच आमचं त्या विषयावरचं सगळं बोलणं.

बुधवारी मी खोटं बोलले. वावाच्या जन्मदाखल्यासाठी नंबर लागतो म्हटलं. अम्मा "बरं" म्हणाली आणि बाहेर जाऊन तिने अंगणवाडीच्या बीनाटीचरला फोन लावला. पाच मिनिटांनी आली ती दार लोटून, पलंगाच्या कडेला बसली.

"टीचर म्हणते दाखल्याला असलं काही लागत नाही."

मी माळ्याकडे बघत राहिले.

"मोळे, कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी एवढी धडपड चाललीय. फोन मागतेस, खोटं बोलतेस, जेवण जात नाही. मी काय आंधळी आहे?"

मला हसू आलं आणि हसताना पोटाचा पट्टा रुतला. "अम्मा, चाळीस दिवसांची बाळंतीण मी. छातीतून दूध गळतंय, अंगाला तेलाचा वास मारतोय. कोण येणार आहे?"

"लोकांचं काही सांगता येत नाही," अम्मा गंभीरपणे म्हणाली. फोन तिने पोलक्यात खोवला आणि तो दिवस संपला.

गुरुवारी अंघोळ झाल्यावर चेच्ची गेली. अम्मा वावाच्या कपाळाला काजळाची तीट लावत होती. मला दुसरी वाटच उरली नव्हती. मी म्हटलं, "अल्लीसाठी हवा होता नंबर."

"अल्ली कोण?"

"माझी मुलगी."

तिचं बोट वावाच्या कपाळावरच राहिलं. तीट मोठी झाली, नाण्याएवढी.

मग मी सगळं सांगितलं, माळ्याच्या फळ्यांना सांगावं तसं, वर बघत. पत्रं, ओलप्पुरा, यंत्र, शनिवार. झाल्यावर अम्मा उठली, वावाला माझ्या कुशीत सरकवलं आणि निघून गेली. दिवसभर तिने मला वेळच्या वेळी पेज दिली, चाटण दिलं, पाय जुळव म्हटलं. दुसरं काही नाही. झाकण परत बसलं, असं मला वाटलं. आणि आता तर तिला माहीतही होतं, म्हणजे नंबर मिळायची उरलीसुरली आशाही गेली.

शुक्रवारी सकाळी चेच्चीची पाठ फिरते न फिरते तोच अम्मा आली. काखेत गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर, हातात पेन, डोळ्यांवर चष्मा. खुर्ची ओढून बसली. कोरं पान काढलं.

"वाच," म्हणाली. "मी लिहिते. बायका एकदम चौघी बोलतात तेव्हाही माझं लिहायचं चुकत नाही. तू तर एकटी आहेस."

"चेच्ची म्हणते वाचलं की डोळे..."

"चेच्चीला मी बघून घेईन. फोन डोळ्यांसमोर धर, मान वाकवू नकोस."

मी पडल्या पडल्या फोन वर धरला. हात भरून यायचे. तिने आधी काहीतरी लिहिलं, म्हणून विचारलं. सवयीने तिने वर तारीख घातली होती आणि खाली लिहिलं होतं: उपस्थित, विजिता, पद्मावती अम्मा, बाळ. म्हणजे मी, ती आणि वावा.

पहिलं पत्र वाचलं. आवाज माझा मलाच परका वाटला. ही पत्रं मी कधी मोठ्याने वाचलीच नव्हती. "अल्ली, आज मी तुला नाव दिलं, तुला विचारलं नाही, आवडलं नाही तर स्वप्नात येऊन सांग." अम्माचं पेन पळत होतं. दुसरं, तिसरं. चपलांच्या दुकानासमोर उभी राहिले ते पत्र. जत्रेत कोणाच्या तरी लहान मुलीने चुकून माझा पदर धरला ते. अम्मा सेक्रेटरीसारखं मध्येच थांबवायची. "हे कधीचं? तेव्हा तू इथे होतीस का?" मी सांगायचे. एका ठिकाणी म्हणाली, "त्या दिवशी तू डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन झोपलीस. मी भावजींना म्हटलं, उन्हाने असेल." मग परत लिहायला लागली.

सतरावं झालं. मी एकोणिसावं वाचायला घेतलं.

"अठरावं?" पेन थांबलं होतं.

"ते राहू दे."

"इतिवृत्तात आकडा सोडता येत नाही."

"अम्मा, ते तुझ्यावर आहे."

"मग तर मी हजर असताना वाच."

मी वाचलं. "अल्ली, तुला बघायला मी मागितलं होतं. गुंगीत असले तरी मागितलं होतं, मला आठवतं. तुझ्या अम्मम्मेने नर्सला सांगितलं, नको, दाखवू नका. तिने तुला पंच्यात गुंडाळून माझ्या दारावरून नेलं. मी तिच्या हातचं जेवते, तिच्या हातून वेणी घालून घेते, पण एवढं मी तिला माफ केलेलं नाही. तिला ते माहीत नाही. आपल्या दोघींनाच माहीत."

अम्माने सगळं लिहिलं. एक शब्द गाळला नाही, खाडाखोड केली नाही. शेवटी पूर्णविराम दिला आणि पान उलटलं.

"पुढचं."

शुक्रवारी एकोणीस झाली. शनिवारी चेच्चीला अम्माने अंघोळीनंतर लगेच वाटेला लावलं. ती जाताना म्हणाली, "सेक्रेटरी, बाळंतिणीला कसली सही करायला लावताय? घर नावावर करून घेताय की काय तिच्याकडून?" अम्मा म्हणाली, "वाडीचा ठराव आहे." "मग मलाही दाखवा, मी वाडीतलीच." "मंजूर झाल्यावर दाखवते."

दुपारी वावा रडरड रडला. गॅस झाला होता, ओवा चोळला, खांद्यावर घेऊन फिरवलं, दीड तास त्यात गेला. मी घड्याळाकडे बघत होते आणि त्याच्यावर चिडत होते आणि चिडले म्हणून स्वतःवर चिडत होते. एक लेकरू हातात होतं म्हणून दुसरं हातातून सुटत होतं. त्याला काय कळतंय त्यातलं. चार वाजून वीस मिनिटांनी तेहतिसावं पत्र लिहून झालं.

"अम्मा, आता नंबर मागवते. आला की वाचून दाखव."

"आठ राहिलीत."

"माहीत आहे."

"मग वाच. मी भराभर लिहीन."

"चाळीस मिनिटांत आठ होत नाहीत. शेवटची मोठी आहेत."

अम्माने चष्मा काढला. "मग राहू देत तिथेच."

"कुठे?"

"आहेत तिथे. घेऊ दे त्या यंत्राला. त्याने काय बिघडतं? कोणीतरी वाचेल."

"वाचणार नाही, अम्मा. गिळेल."

"गिळू दे. तू म्हणालीस ना, चाळीस बायकांना ती ठाऊक आहे तिथे. या घरात तिचं नाव कोणी घेतलं? मी नाही घेतलं. सुधीशने नाही. आणि तू म्हणतेस ते घरच पाडून टाक." तिने पोलक्यावर हात ठेवला, जिथे फोन होता. "एकदा मी तिला पुसली. तूच लिहिलंयस, अठराव्यात. आता परत माझ्याच हातून नंबर घेऊन पुसणार? नाही देणार मी."

ती खरं बोलत होती आणि मीही खरं बोलत होते. राहिलं तर अल्ली पिठात जाणार, निघालं तर आठ ठिकाणची अल्ली नाहीशी होणार. आणि मी पोट आवळून, पाय जुळवून पडलेली. उठून तिच्याकडून फोन हिसकावून घ्यायचंही अंगात बळ नाही. दाराबाहेर पाऊल टाकायला अजून बारा दिवस.

वावा पुन्हा कुरकुरला. मी त्याला छातीशी घेतलं. तो पिऊ लागला, डोळे मिटून, नाकाने फुसफुस करत. खोलीत तेवढाच आवाज. चार पस्तीस. अम्मा त्याच्याकडे बघत होती.

"तिचा कान दुमडलेला होता," ती म्हणाली.

मी वावाच्या कानाकडे बघितलं.

"डावा. वरची कड आत वळलेली, विड्याचं पान वळतं तशी. मी बोटाने सरळ केली. परत वळली."

वावाचं पिणं चालू होतं.

"केस खूप होते. ओले, कपाळावर चिकटलेले. पंच्याने मागे केले मी. आणि तुझ्यासारखी नव्हती काही. सुधीशच्या आईसारखी होती, तेच नाक. मला त्याचा राग आला होता. एवढं सगळं होऊन वर त्या बाईचं नाक."

मला हसू फुटलं आणि ते अर्ध्यात मोडलं. अम्माने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. रडू नको म्हणाली नाही.

"का नाही दाखवलीस?"

"तू सोडली नसतीस तिला."

"नसतेच सोडली."

"म्हणून."

हाताखाली अंधार होता, तिच्या हाताला चाटणाचा वास येत होता. मी विचारलं, "तळवे कसे होते?"

"ते नाही बघितले. गुंडाळलेले होते. मला जे दिसलं ते एवढंच." मग तिने हात काढला. "तुझं जे आहे ते तिथे नको, असंच ना तुझं म्हणणं? आठ जातील तरी?"

"तरी."

"माग नंबर."

मी मागवला. तिने पोलक्यातून फोन काढला, चष्मा चढवला आणि गटात हजेरी घेते तसा एकेक आकडा सावकाश, मध्ये थांबत वाचला. सहावा वाचल्यावर दाराकडे बघून घेतलं, बँकेचे साहेब उभे असल्यासारखं. चार बावन्नला मी बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. मग अक्षरं आली: "तुमची विनंती नोंदवली आहे. खातं आणि लेखन पूर्णपणे काढून टाकायला तीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. या काळात खात्यात प्रवेश केल्यास विनंती रद्द समजली जाईल."

मी ते दोनदा वाचलं. मग अम्माला वाचून दाखवलं.

"म्हणजे निघालो की नाही?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"विचार कोणाला तरी."

विचारायला तिथे माणूसच नव्हता. प्रश्न लिहायची एक खिडकी होती, आणि त्यासाठी आधी आत यावं लागत होतं.

रविवारी सफीनाचा फोन आला, माझ्या जुन्या नंबरावर, म्हणजे अम्माच्या फोनवर, कारण माझा परत कपाटावर गेला होता. सगळ्यांचं असंच झालंय, म्हणाली. तीस दिवस पाटी उतरणार नाही. आपल्याला आत जाता येत नाही, पण बाहेरून दार सताड उघडं आहे, कोणीही यावं आणि वाचावं. "मला तुझी पत्रं अजून दिसतायत, विजी. काल झोपण्याआधी दोन वाचली. थांब, तुझी कुठली राहिली म्हणालीस? चौतिसावं? मी वाचते, तू लिहून घे."

सफीनाला दिसतं म्हणजे त्या यंत्रालाही दिसतं. हे दोघींनाही कळलं. तरी तिने वाचायला सुरुवात केली, कारण दुसरं करण्यासारखं काय होतं?

अम्माने फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला आणि रजिस्टर उघडलं. सफीनाच्या तलश्शेरीच्या हेलात माझी वाक्यं वेगळीच लागत होती, कोण्या दुसऱ्याच बाईच्या मुलीची असल्यासारखी. "अल्ली, आज मी तुला न्हाऊ घातलं, मनातल्या मनात. तुझे कान लहान आहेत आणि सरळ, शिंपल्यासारखे. त्यात पाणी जाऊ नये म्हणून मी तळहात आडवा धरला..."

अम्माचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"कानाचं दुरुस्त करू का?" ती हळूच म्हणाली. "बाजूला लिहिते, समासात."

"नको."

"चुकीचं राहील."

"राहू दे चुकीचं. खरा कान कुठेच लिहू नकोस, तो आपल्या दोघींपुरता."

अम्माने पेन उचललं नाही, खाली ठेवलंही नाही. उशीवरून सफीना म्हणाली, "आहात ना दोघी? वाचू पुढे?"